चोरकप्पा आणि घोरपडे मावशी

तुमच्या फोनमधल्या पंचांगाला तुमचे मेसेज वाचायची परवानगी कोणी दिली?

तुम्हीच दिली. एकादशी कधी आहे एवढंच बघायचं होतं. पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं आणि तुम्ही न वाचता 'हो'वर बोट ठेवलं. मीही ठेवलं होतं. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला घोरपडे मावशींनी, माझा फोन माझ्याच हातातून काढून घेऊन. "पंचांगाला तुझे मेसेज कशाला हवेत? तिथी चुकली तर कोणाला कळवणार आहे?" असं म्हणत त्यांनी ते ॲप उडवलं, फोन परत दिला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

शालिनी घोरपडे मूळच्या कराडच्या. नवरा सैन्यात. त्याची बदली फोर्ट विल्यमला झाली तेव्हा त्या कोलकात्यात आल्या. पुढे नवऱ्याच्या बदल्या होत राहिल्या, पण मावशींना बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरी लागली आणि त्या इथेच राहिल्या. सियालदहहून बजबजची लोकल, डेपोतली संगणकाची खोली आणि संध्याकाळी उलटी लोकल, यात त्यांची सगळी नोकरी गेली. नवरा निवृत्त होऊन इथेच आला आणि इथेच गेला. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्या भवानीपूरच्या एका जुन्या इमारतीत एकट्या राहत होत्या. आम्ही इथल्या मराठी मंडळातली मुलं त्यांना मावशी म्हणायचो, शेजारचे बंगाली लोक माशिमा.

त्यांच्या दाराला साखळी होती आणि ती पाहुण्याने स्वतःची ओळख दिल्याशिवाय निघत नसे. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस कित्येक वर्षं तोच होता. तो वैतागून बंगालीत म्हणायचा, "माशिमा, दर वेळी मीच तर येतो." मावशी फटीतून म्हणायच्या, "दर वेळी तू येतोस म्हणून आजही तूच असशील असं कुठंय? जरा उजेडात ये." तो उजेडात यायचा, हसायचा, मग साखळी निघायची. समोरच्या घरून संदेश मिठाईचा डबा आला की त्या पहिल्यांदा विचारणार, "कशाबद्दल?" नातू पास झाला, नवी गाडी घेतली, असं काही उत्तर मिळालं की डबा आत जायचा. एकदा मी म्हटलं, मावशी, मिठाईवर कसला संशय? तर म्हणाल्या, "संशय नाही गं. खायचीच आहे. पण विचारून खाल्ली की गोड लागते."

मंडळात त्यांची चेष्टा व्हायची. आमचं मंडळ लहानसं आहे. बँकांमधले, सरकारी कंपन्यांमधले बदलीवर आलेले लोक, आता आयटीतली तरुण जोडपी, आणि माझ्यासारखी इथेच जन्मलेली काही मुलं. मंडळाचे सचिव आगाशे काका बँकेतून निवृत्त झालेले. शुद्धलेखनावर त्यांचं एवढं प्रेम की गणपतीच्या मखरावर लावलेल्या अक्षरांतली वेलांटी चुकली तर मूर्ती यायच्या आधी ते शिडी मागवत. ते म्हणायचे, "घोरपडे वहिनींना प्रसाद द्यायचा तर आधी आधार कार्ड दाखवावं लागतं."

"दाखवा की," मावशी हात पुढे करून म्हणायच्या. "फोटोत तरी तुम्ही हसताय का बघू दे."

या संशयाची मुळं डेपोत होती. बजबजच्या डेपोतून टँकर भरून निघत आणि रिकामे होऊन परत येत. मावशी बसायच्या संगणकापाशी, पण खिडकी टँकरच्या बाजूला होती. एकदा मी त्यांना विचारलं की ट्रोजन म्हणजे नेमकं काय. त्यांनी आधी ग्रीकांच्या लाकडी घोड्याची गोष्ट सुरू केली आणि मध्येच सोडून दिली. "घोडा राहू दे. घोडा आपण कोणी बघितलेला नाही. टँकर बघितलाय ना?" मग त्या सांगू लागल्या. टँकर कंपनीच्या रंगाचा, कागद बरोबर, सील जागच्या जागी. पंपावर जातो, नळ उघडतो, तेल येतं. खरं तेल, भेसळ नाही. पंपवाला खूश. पण टाकीच्या आत पत्र्याचा एक चोरकप्पा जोडलेला असतो आणि त्यातलं तेल टँकरबरोबर परत बाहेर जातं.

"लोकांना वाटतं, फसवणारी वस्तू बिघडलेली असते," त्या म्हणाल्या. "तशी असती तर किती बरं झालं असतं. ट्रोजन सांगितलेलं काम नीट करतो. खेळ असेल तर खेळ चालतो, फोटो सजवायचं असेल तर फोटो सुंदर होतात. तुझं लक्ष त्या कामाकडे. मागच्या मागे तो दार उघडून ठेवतो आणि ज्याने त्याला पाठवलं तो आत येतो. आणि एक लक्षात ठेव. हा भिंत फोडून येत नाही. याला आपणच आत घेतो, हाताला धरून."

त्यांचे दोनच प्रश्न असत. हे मी मागितलं होतं का? आणि जे काम सांगितलंय त्याला एवढं कशाला हवंय? विजेरीच्या ॲपला बहिणीचा नंबर कशाला, गाण्यांच्या ॲपला आपण कुठे उभे आहोत ते कशाला. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सणासुदीला शुभेच्छांच्या लिंका येत, त्या उघडल्या की फुलं पडत आणि आपलं नाव सोनेरी अक्षरांत येत असे. मावशी खाली लिहायच्या, "फुलं पाडायला माझं नाव कशाला पाहिजे?" लोक हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे जात.

त्या नेहमी बरोबर असत असं मात्र समजू नका. डेपोत एकदा मुख्य कार्यालयातून एक इंजिनिअर आला. कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. सगळ्या संगणकांवर नवीन आवृत्ती चढवायची आहे म्हणाला. मावशींनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. फोन लागेना. बाकावर पंखा नव्हता, वैशाखातली बजबजची हवा, नदीवरून येणारा डिझेलचा वास. त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, पण खोलीत घेतलं नाही. दुपार उलटल्यावर फोन लागला. माणूस खरा होता. त्याने लेखी तक्रार केली, साहेबांनी मावशींना बोलावून झापलं. त्या इंजिनिअरला जाऊन म्हणाल्या, "तुमचा दिवस वाया गेला, माफ करा. पण उद्या पुन्हा न कळवता आलात तर पुन्हा बसवीन." पुढच्या खेपेला त्याने निघण्याआधीच मुख्य कार्यालयातून फोन करवला.

हे त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना हसत. संशयाची किंमत त्यांना माहीत होती. ती समोरच्या माणसाला द्यावी लागते, हेही माहीत होतं.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे लिहायला बसले तिकडे येते.

आमच्या मंडळाची गणेशोत्सवाला स्मरणिका निघते. लेख, मुलांची चित्रं, जाहिराती. ती छापली जाते सियालदहजवळच्या बैठकखाना बाजारातल्या एका छापखान्यात, जिथे बंगाली अक्षरं हवी तेवढी मिळतात आणि मराठीसाठी आपलं आपण बघावं लागतं. आमची सगळी जुनी सामग्री एका जुनाट मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. मंडळाचा जुना संगणक बसला, नवीन आला, आणि नव्यावर तो फॉन्ट उघडला की सगळं अगम्य चिन्हांचं जंगल. पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली हे काम करून देणारे असतात. कोलकात्यात कोणाकडे जाणार? आगाशे काकांनी इंटरनेटवर शोधलं आणि जुना फॉन्ट नव्यात बदलून देणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं. एरवी विकत घ्यावं लागणारं, पण इथे पूर्ण आवृत्ती फुकट. मी मुद्रितशोधन करत होते, म्हणून मला माहीत आहे: त्याने काम सुरेख केलं. जोडाक्षरं, रफार, अवग्रहसुद्धा जागच्या जागी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडळाच्या ईमेलवरून सगळ्या सभासदांना एक फाइल गेली. नाव होतं 'स्मरणिका अंतिम प्रत'. मंडळाचा पत्ता, मंडळाचं नाव, खाली आगाशे काकांची नेहमीची सही. बऱ्याच जणांनी उघडली. वैद्य काकूंनीही उघडली. त्यांच्या लॅपटॉपवर वैद्य काकांचे फोटो होते, काका गेल्यावर मुलाने एकत्र करून दिलेले. ते उघडेनासे झाले. पडद्यावर इंग्रजीत धमकी आली की पैसे भरा तरच उघडून देऊ. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्या एवढंच विचारत होत्या, "बंद करून चालू केलं तर येतील का गं?"

मग दोषी शोधणं सुरू झालं, आणि सगळ्यांच्या नजरा गेल्या तन्मय शिर्केकडे. तन्मयचे वडील साताऱ्याचे, आई बंगाली. वडील तो शाळेत असताना वारले. तो सेक्टर फाइव्ह या आयटी वसाहतीत संगणकाचं काम करतो. मंडळाचा ईमेल त्यानेच सुरू करून दिला होता, पासवर्ड त्याच्याकडे होता. त्याचं मराठी मोडकं आहे, क्रियापदं कुठेही वळतात. एवढा पुरावा पुरला. गटावर आगाशे काकांचा संदेश आला: "कळविण्यास खेद होतो की, मंडळाच्या ईमेलचा गैरवापर श्री. तन्मय शिर्के यांच्याकडून झाल्याचा दाट संशय आहे. सभासदांनी त्यांच्याशी संपर्क टाळावा." एकही चूक नव्हती त्या संदेशात. फक्त तो खोटा होता.

तन्मय त्या वेळी एका मोठ्या कंपनीत रुजू व्हायच्या बेतात होता. अशा कंपन्या नव्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात. पोलिसांत त्याचं नाव गेलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नुसती ती एक नाही. संगणकाच्या कामात ज्याच्यावर असा आळ आहे त्याला कोण आत घेणार?

रविवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात बैठक बसली. तक्रारीचा मसुदा तयार होता, त्यात तन्मयचं नाव होतं. तन्मय आईला घेऊन आला होता. त्या माउलीला मराठी समजत नव्हतं, ती प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. मावशी एरवी बैठकींना येत नसत. त्या दिवशी आल्या आणि पंख्याखालची जागा सोडून दाराजवळ बसल्या.

"पासवर्ड तुझ्याकडे होता की नाही?" आगाशे काकांनी विचारलं.

"होता. पण मी फाइल नाही पाठवलो."

"पाठवली," मागून कोणीतरी दुरुस्त केलं, आणि काहीजण हसले.

"हसण्यासारखं काय झालं ते मलाही सांगा," मावशी म्हणाल्या.

आगाशे काका त्यांच्याकडे वळले. "वहिनी, जन्मभर तुम्ही दूधवाल्यापासून गणपतीपर्यंत सगळ्यांवर संशय घेतलात. आणि आज नेमकं ज्याच्यावर घ्यायचा, त्याची बाजू घेणार?"

"बाजू घेत नाही. मला त्याचीही खात्री नाही." हे त्या तन्मयकडे बघतच म्हणाल्या, आणि तन्मयने मान खाली घातली. "पण माणसाचं नाव लिहिण्याआधी वस्तू बघू. स्मरणिकेच्या काळात या संगणकात नवीन काय आलं?"

"काही नाही. म्हणजे ते फॉन्टचं आलं. ते मीच आणलं."

"मागवलं कोणाकडून?"

"मागवलं नाही, मिळालं. फुकट होतं."

"आणि अँटिव्हायरस?"

"तो ओरडत होता. पण तो ओरडेल असं त्यांनी सूचनेत लिहूनच ठेवलं होतं. म्हणून बंद केला." काकांनी ती सूचना सभागृहातल्याच संगणकावर उघडली आणि मोठ्याने वाचून दाखवली. अजूनही थोडं कौतुकच होतं आवाजात. "'आदरणीय वापरकर्ते, आपल्या मायबोलीच्या सेवेसाठी हे सॉफ्टवेअर विनामूल्य देत आहोत. स्थापनेपूर्वी अँटिव्हायरस कृपया बंद करावा, तो अनवधानाने चुकीचा इशारा देतो.' बघा वहिनी. 'अनवधानाने.' हल्ली कोण लिहितं असं?"

"अक्षरं बदलायला पहारेकऱ्याला घरी का पाठवावं लागतं, आगाशे?"

"पण काम चोख केलं हो त्यानं."

"टँकरसुद्धा तेल देतो," मावशी म्हणाल्या. त्याचा अर्थ तिथे फक्त मला कळला असावा.

काकांनी ती सूचना पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचली. मग जे म्हणाले ते त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणूनच ते मी विसरू शकत नाही. "इतकं नेटकं मराठी लिहिणारा माणूस असं काही करील, हे मला पटत नाही."

"ज्याला आपल्याला फसवायचंय तो मराठी नेटकंच लिहिणार," मावशी म्हणाल्या. "इथं आपल्याला काय हवं असतं ते त्याला बरोबर ठाऊक आहे. बंगालीत लिहिलं असतं तर तुम्ही दहा जणांना विचारलं असतं."

हे फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून घडू शकतं. दिवसभर हिंदी, इंग्रजी, बंगाली बोलून घरी येणारी माणसं आम्ही. चार ओळी चांगल्या मराठीत दिसल्या की आम्हाला नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं. ते सॉफ्टवेअर परकं होतं, पण त्याची भाषा आमची होती, म्हणून त्याच्यासाठी आम्ही पहारा उठवला. आणि जो मुलगा आमचा होता, त्याची भाषा मोडकी होती, म्हणून त्याला आम्ही परका ठरवलं. वेषावर विश्वास ठेवायचा आणि माणसावर संशय घ्यायचा, ही सवय संगणकापुरती नाही. सगळे लबाड तिच्यावरच जगतात.

तन्मय संगणक तपासायला पुढे झाला तर मावशींनी त्याला अडवलं. "तू नाही. तुझ्यावर आळ आहे, तू हात लावायचा नाहीस. तुझ्याच भल्यासाठी सांगते." आगाशे काकांनाही हात लावू दिला नाही. छापखानावाल्याच्या ओळखीने एक संगणक दुरुस्त करणारा बंगाली माणूस आला, जो आमच्यापैकी कोणालाच ओळखत नव्हता. त्याने ते सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर तपासलं. अँटिव्हायरसने लगेच नाव सांगितलं: ट्रोजन. फॉन्ट बदलता बदलता त्याने संगणकात साठवलेले पासवर्ड बाहेर पाठवले होते, आणि त्या वाटेने कोणीतरी मंडळाच्या ईमेलमध्ये शिरलं होतं. तो माणूस सहज म्हणाला की फुकटच्या फॉन्टमधून हे हल्ली पुष्कळ येतं, बंगालीतही येतं.

तक्रार गेली, पण तिच्यात तन्मयचं नाव नव्हतं. संगणक पुसून काढला, पासवर्ड बदलले. वैद्य काकूंचे फोटो परत आले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गटावरचा तो संदेश तसाच राहिला. सभासदांपैकी कोणीतरी तो पुढे पाठवला होता, आणि फिरत फिरत तो तन्मयच्या नव्या कंपनीत पोहोचला. त्याचं रुजू होणं लांबलं. कंपनीचं म्हणणं, मंडळाने आळ लेखी घेतला आहे, तर तो लेखीच मागे घ्यावा. कार्यकारिणीने काय करावं? तन्मयला फोन केला. चूक झाली, मनात ठेवू नको, आरतीला ये. लिहायला मात्र कोणी तयार नाही. लिहायचं म्हणजे फुकटचं चोरटं सॉफ्टवेअर आपणच आणलं आणि पहारा आपणच उठवला, हे कबूल करायचं. मंडळाची अब्रू जाते म्हणे. एका मुलाची अब्रू चारचौघांत घेताना ही काळजी कुठे होती?

मावशी या थंडीत गेल्या. छोटंसं आजारपण, आणि मग बातमी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सभागृहातच. कोजागिरीचा कार्यक्रम आटोपला होता, दूध पिऊन लोक पांगत होते, मुलं खुर्च्यांच्या रांगांतून पळत होती. आगाशे काका कोपऱ्यात बसले होते आणि मावशी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. हातात स्वतःचा फोन, पडद्यावर मंडळाचा गट.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"बघू, वहिनी. कार्यकारिणीत घेतो विषय."

"पहिला संदेश कार्यकारिणीला विचारून टाकला होता?"

काकांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी मावशींना खुर्ची आणून दिली, त्या बसल्या नाहीत. मी पायऱ्यांपर्यंत गेले आणि वळून पाहिलं. दिवे एकेक बंद होत होते, सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या, आणि मावशी तशाच उभ्या होत्या, फोन पुढे धरून, घाई नसल्यासारख्या.

तो संदेश अजून मागे घेतलेला नाही.

त्या गटात जे आहेत ते हे वाचतील, त्यांना मंडळाचं नाव लिहून सांगायची गरज नाही. कार्यकारिणीची वाट बघू नका. तो गट उघडा आणि आपल्या नावाने हे लिहा, मराठी कसंही असलं तरी चालेल: तन्मय शिर्केने काहीही केलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर आम्हीच आत घेतलं आणि पहारा आम्हीच उठवला.